ताईचं वाक्य

आई गेली तेव्हा ताई शेजारच्या खुर्चीत झोपली होती.

हे वाक्य लिहून धाकटीनं सकाळी 'पाठवा' दाबलं. दर रविवारी ती घरातल्या गोष्टींचं एक पत्र लिहायची. ते वर्गणीदारांना मेलनं जायचं आणि तिच्या साइटवरही राहायचं. दुपारपर्यंत वाचकांनी नेमकं हेच वाक्य डोक्यावर घेतलं.

संध्याकाळी भावोजींचा फोन आला. एरवी थट्टेशिवाय न बोलणारा माणूस, आज सरळ म्हणाला, ताई जेवली नाही. ती झोपली होती हे त्यांनाही पत्रातूनच कळलं होतं. आजवर घरात सगळे धरून चालले होते की ताईचा हात हातात घेऊनच आईनं डोळे मिटले.

खरं ते ताईनं एकट्या धाकटीला सांगितलं होतं. कपडे वाळत घालताना, पाठमोरी.

धाकटीनं पत्र उघडलं. साइटवर दुरुस्ती करता येते.

ताईचा जरा डोळा लागला होता.

'जरा' कशाला? आणखीच संशय.

इतक्या महिन्यांच्या जागरणानं ताई थकून गेली होती.

ही तर वकिली झाली.

आई गेली तेव्हा ताई जवळ होती.

खरंच होतं, आणि धडधडीत खोटंही. तिनं तेच ठेवलं. थोड्याच वेळात एका जुन्या वाचकाचा निरोप आला: वाक्य का बदललंत हो? सगळा जीव त्यातच होता. मूळचं माझ्या मेलमध्ये आहे, हवं तर पाठवतो.

साइटवर वाटेल ते खोडावं. घरोघरी गेलेलं पत्र कसं परत मागवायचं?

दुसऱ्या दिवशी ती ताईच्या शिवणाच्या दुकानात गेली. ताई कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. धाकटीनं बदललेलं वाक्य उघडून फोन पुढे धरला. ताईनं चष्मा सावरून वाचलं.

"छान झालंय, लेखिकाबाई. मामाला कुठलं गेलंय?"

मामा साइट कधी उघडायचा नाही. त्याला मेल जायची.

"अख्खं पत्रच काढून टाकते, ताई."

"काढ की." ताई दोऱ्याचं टोक शोधत राहिली. "मामानं सकाळी फोन करून विचारलं, शेवटी तिनं हाक मारली होती का गं? तर म्हटलं, काय माहीत. मी झोपले होते."

धाकटी तिथेच उभ्या उभ्या खोडायला लागली.

आई गेली तेव्हा ताई

आई गेली तेव्हा

आई गेली

ताईनं मशीन सुरू केलं. धाकटीनं फोन पर्समध्ये टाकला. मग ती वाकून खाली पडलेले दोरे वेचू लागली.

"राहू दे," ताई वर न बघता म्हणाली. "केर माझा मी काढते."