आर्वोचं ठिगळ

तुम्ही खोटं बोललात. चूक झाली म्हणू नका. चूक कळल्यावर माणूस थांबतो. तुम्ही चाव्या वाटल्यात.

थंडर बे शहरातल्या तुमच्या जुन्या इमारतीत आम्ही दोघं छतं खरवडत होतो, मी आणि आर्वो निएमी. पन्नास वर्षांपूर्वीची छतं, आतून दाणेदार लेप दिलेली. असल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, धुळीतून छातीत जाऊन कॅन्सर करणारं, म्हणून आधी तपासणी. निघालं तर दारं प्लास्टिकनं बंद करायची, मास्क घालायचे, छत भिजवून ओलंच काढायचं. तुमच्या माणसानं तपासणीचा कागद दिला: अ‍ॅस्बेस्टॉस नाही. छतावर रंगाचे तीन हात, पाणी आत मुरेना. कागद होता, म्हणून कोरडंच खरवडलं. आठ फ्लॅट. खाली तुमचे गालिचे, त्यांवर नुसत्या चादरी.

नवव्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराच्या दाराशी आर्वो शिडीवर थांबला.

"काय रे म्हाताऱ्या, डोळा लागला?"

"रीटा, वर ये. नमुना घेतलाय ती जागा बघ."

बोटाएवढा खड्डा. भोवतीचे दाणे जाड, पांढरे. बाकी सगळ्या छताचे बारीक, पिवळट.

"हे ठिगळ माझं आहे," आर्वो म्हणाला. "पंचवीस वर्षांपूर्वी वरचा पाइप फुटला, तेव्हा मीच थापलं. नवा माल, दुकानातला. माझा हात मी ओळखतो."

"म्हणजे?"

"म्हणजे छत कुणी तपासलंच नाही. सुटत आलेलं ठिगळ हाताला आलं, त्यातलंच थोडं नेलं. अख्ख्या इमारतीला तेवढा एकच नमुना. तपासणीत मी पास झालो, पोरी! शाळेत कधी झालो नव्हतो."

दोघं हसलो. मग तो खाली उतरला आणि शिडीच्या पायरीवर बसून राहिला. बाह्यांवर धूळ होती. त्यानं ती झटकली नाही.

मी तीन खोल्यांत छताच्या रंगाला चिरा दिल्या, आत पाणी मुरवून तुकडे काढले, पिशव्यांत बंद केले, माझ्या नावानं प्रयोगशाळेत पाठवले. तिन्हींत निघालं. मला काही वाटलं नाही. कॉफीचा कप धुतला. परत धुतला.

तुमच्या हापिसात फोन केला.

"बाई, तुमचा नमुना अधिकृत नाही."

"मग तुम्ही घ्या."

"बघतो."

"चार नंबरात माणसं यायचीत."

"आली. परवाच चावी दिली."

चार नंबरात टॅनिस नावाची बाई आहे. दार उघडलं तेव्हा तिचं दहा महिन्यांचं पोर गालिच्यावर रांगत होतं. मी सगळं सांगितलं.

"या घरासाठी दोन वर्षं यादीत होते मी," ती म्हणाली. "छत पाडलंत, आता घरही पाडायला आलात?"

"गालिच्यावर व्हॅक्यूम फिरवू नका. धूळ हवेत उडते."

"सकाळपासून दोनदा फिरवला."

पोरानं मूठ तोंडात घातली. तिनं ती काढली, स्वतःच्या जीन्सला पुसली. मग जीन्सकडे बघत राहिली.

आर्वोच्या आणि माझ्या छातीत काय गेलं, ते कळायला वीस-तीस वर्षं लागतात. आर्वो एकाहत्तरचा आहे. आमचं राहू द्या. फोनला अकरा दिवस झाले. ती बाई अजून तिथंच आहे, दुसरीकडे जागा नाही म्हणून.

तो गालिचा कोण उचलणार, कोणत्या तारखेला? तोवर त्या दोघांना कुठं ठेवणार? "बघतो" नको. लिहून द्या, खाली सही करा.