चुकलेल्या पाट्यांची मांडणी

मी एक जुनी मांडणी आहे. वाचनालयात शिरताच उजव्या हाताला उभी असते ती मीच. जुन्या दरवाजाच्या फळ्यांतून एका सुताराने मला घडवलं, म्हणून माझ्या पाठीला अजूनही एक निरुपयोगी कडी आहे. मला तीन खण: वरचा कादंबऱ्यांचा, मधला रहस्यकथांचा आणि खालचा माहितीच्या पुस्तकांचा.

आमच्या ग्रंथपालबाईंचा नेम असा, की स्वतः पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं आणि आवडलेलं पुस्तकच माझ्यावर ठेवायचं. एके काळी लोक आत आले की थेट माझ्याकडे यायचे. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला त्याचा थोडा माज चढला होता.

मग दिवस पालटले. माझ्या डोक्यावर हेल्मेटं आली, भाजीच्या पिशव्या आल्या. वाचनालयाच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, की महिनाभरात हिच्यावरची पुस्तकं हलली नाहीत तर ही मोडीत जाईल आणि इथे थंड पाण्याचं यंत्र बसेल.

बाईंनी मला रंग द्यायला आपल्या धाकट्या दिरांना बोलावलं आणि त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. दीर रंगकामात पटाईत, पण पुस्तकाशी त्यांचं उभ्या जन्मात जमलं नव्हतं. रंग वाळल्यावर त्यांनी खणांवरून काढून ठेवलेल्या तिन्ही पाट्या मनाला येईल त्या खणावर ठोकल्या आणि चहा प्यायला निघून गेले. मला तोंड नाही, मी सांगणार कुणाला?

नव्या रंगामुळे लोक थबकू लागले. निवृत्त हवालदारांनी ‘रहस्य’ पाटीखालून मधमाशीपालनाचं पुस्तक नेलं. अर्धं पुस्तक झालं तरी खून होईना, म्हणून ते बेचैन झाले. पुढे थंडीच्या तोंडावर कामकरी माश्या पोळ्यातल्या नरांना हाकलून मारतात हे वाचल्यावर ते वाचनालयाच्या शिपायाला म्हणाले, “इतके जीव गेले आणि एकालाही अटक नाही.” एका मावशींनी कादंबरी समजून रहस्यकथा नेली. तिसऱ्याच पानावर मेलेला मुलगा किती चांगल्या घरचा होता, याची हळहळ त्या चार घरी सांगत फिरल्या. शिंपीकाकांनी ‘माहिती’च्या खणातून एका विधवेची कादंबरी नेली आणि सगळं खरं मानून ते रात्रभर रडले. हे तिघं भेटेल त्याला सांगत सुटले आणि बघता बघता माझ्यावर एकही पुस्तक उरलं नाही.

बाई परतल्या त्या दिवशीच अध्यक्ष यंत्रवाल्याला घेऊन जागा मोजायला आले. मला रिकामी पाहून ते म्हणाले, “बघा, पुस्तकंसुद्धा हिला सोडून गेली.” यंत्रवाला माझी रुंदी मोजू लागला. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात शिंपीकाका आले. “बाई, त्या पुस्तकातल्या बाईचा पत्ता द्या. माझ्याकडे शिलाई मशीन जास्तीचं आहे, तिला पाठवतो.”

बाईंनी पाट्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. मग खुर्ची ओढून त्यांनी काकांना बसवलं.

“काका, पाट्या चुकल्यात. ती कादंबरी आहे. ती बाई कुठेच नाही.”

काकांनी पिशवीतून ते पुस्तक काढून शेवटचं पान पुन्हा पाहिलं. अध्यक्षांनी यंत्रवाल्याला हाताने थांबवलं.

“पोरंही नाहीत तिची?”

“नाहीत.”

काकांनी डोळे पुसले. “बरं झालं. फार हाल होते हो त्यांचे.” मग माझ्या रिकाम्या खणावर हात ठेवून ते म्हणाले, “आता अशीच दुसरी एखादी द्या.”

अध्यक्षांनी यंत्रवाल्याला व्हरांड्यातली जागा मोजायला सांगितली. पाट्याही आता जागच्या जागी आहेत.

तर मित्रांनो, फर्निचरने आपल्यावर सामान ठेवा म्हणून विनवावं अशी रीत आहे. माझं मागणं उलटं आहे. माझी काळजी घ्यायची असेल, तर मला रिकामी करा.