गार झालेला मुरघास

ताडपत्रीभोवती अर्धं गाव जमलं होतं. गावातल्या एका मावशींच्या खड्ड्यातून काढलेला मुरघास, म्हणजे दाबून मुरवलेला हिरवा चारा, वाफाळत होता. हात ठेववत नव्हता. गावात आलेल्या एका बाबांनी तो पातळ पसरायला लावला, बाटलीतलं तीर्थ शिंपडलं आणि सगळ्यांना भोवती अकरा फेऱ्या घालायला लावल्या. "भूमी रागावलीय, निवेल," ते म्हणाले. फेऱ्या संपल्या आणि चारा खरंच गार लागला. कुबट वासही गेला. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

मावशींनी लगेच पाटी भरली. त्यांची एकुलती गाय आठ महिन्यांची गाभण होती.

तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई पोचल्या. बाबांचा असा चमत्कार निस्तरायचं या महिन्यातलं हे तिसरं गाव. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी पाटीत हात घातला; बोटांना हिरवट बुरशी लागली. मग बाटली हुंगली. वास आंबूस, नाकाला झोंबणारा, ओळखीचा.

"मावशी, जरा थांबा."

खड्ड्यातला गरम चारा घेऊन त्यांनी पोत्यावर तसाच पातळ पसरला आणि काही न शिंपडता दगडावर बसून राहिल्या. बाईंनी मौन धरलं वाटतं, असा एकानं टोमणा मारला. अकरा फेऱ्यांइतका वेळ गेल्यावर बाईंनी त्यालाच हात लावायला सांगितलं.

"गारच आहे की," तो ओशाळून म्हणाला.

"चहा बशीत ओतला की निवतो. इथं वेगळं काय झालं?"

मग कुबट वास कसा गेला, असं बाबांनी विचारलं. बाईंनी पिशवीतून चारा टिकवायच्या औषधाचा डबा काढून सगळ्यांना हुंगायला दिला. तीर्थाच्या बाटलीचाच वास. हे औषध खड्डा भरताना थराथरावर घालायचं, चारा तुडवायचा, हवा शिरू द्यायची नाही. "मावशी, तुम्ही रोज झाकण उचलून बघायचात ना, मुरला का, मुरला का?" मावशींनी मान खाली घातली. "तिथून हवा आत शिरली, चारा तापला, बुरशी धरली. आता औषध म्हणजे वरातीमागून घोडं. वास जातो, बुरशीचं विष राहतं."

"श्रद्धा लागते, बाई," बाबा म्हणाले.

"आहे. आज माझाही उपास आहे. म्हणूनच देवाच्या नावावर या गाईचं वासरू जाऊ देणार नाही."

बाबांनी झोळी उचलली. दोघं-तिघं त्यांच्या मागे गेलेच.

"मग गाईला घालू काय?" मावशींनी विचारलं.

"तळाचा चांगला असेल. चला, निवडू." बाईंनी पदर खोचला.

मावशींनी भरलेली पाटी उकिरड्यावर उपडी केली. त्या पाटीकडे बघत बाई उरलेल्यांना हळूच म्हणाल्या, "हात जोडा, मी नको म्हणत नाही. पण आधी विचारा, चारा गरम का झाला होता?"