धावजीच्या पायावरची गोणी

मित्रांनो, मी एक जुनी गोणी आहे. असे सांगितले तरी तुम्ही मला ओळखणार नाही, कारण गोणीसारखे माझ्यात आता काही राहिलेले नाही. वीतभर लांब अशा दोन जाड पट्ट्या, एवढेच माझे रूप. एक उजव्या नडगीवर बांधायची, दुसरी डाव्या नडगीवर. दोन झाले तरी मी आतून एकच आहे. डावीला ऊन लागले की उजवीला बरे वाटते.

माझा जन्म घाटंजीजवळच्या एका तांड्यावर झाला. धावजीच्या पणजीने तागाची सुतळी वळून मला विणले. त्या काळी तांड्यातली माणसे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरत. माझ्या वाट्याला मीठ आले होते. समुद्र मी कधी पाहिला नव्हता, पण त्याचे मीठ पोटात घेऊन महिनोन्‌महिने चालत होते. चालत होते म्हणजे बैल चालत, मी नुसती डुलत असे. त्या डुलण्यात जी झोप लागायची, तशी झोप मला पुढे कधी लागली नाही.

मग आगगाडी आली आणि आमचे फिरणे संपले. तांड्याने वावरे धरली, बैल औताला गेले आणि मला आढ्याला टांगले. तिथे मी कितीतरी वर्षे धूर खात होते आणि डुलण्याची स्वप्ने पाहत होते. कुणी खाली उतरवले नाही, तशी कुणी फेकलीही नाही.

१९५६ साली आमचा धावजी अठरा वर्षांचा होता. एका बाजाराच्या दिवशी घाटंजीत एक बैल बिथरला आणि थेट शाळेच्या मैदानात घुसला. तिथे पोरे फुटबॉल खेळत होती. सगळी पळाली. धावजी मात्र बैलाच्या वाटेत जाऊन उभा राहिला. बैल डावीकडे वळला की हा त्याच्या आधी डावीकडे, उजवीकडे वळला की आधीच उजवीकडे. शेवटी बैलच कंटाळून थांबला. हे सगळे शाळेचे नरहर मास्तर पाहत होते. त्याच आठवड्यात ते सायकल दामटत तांड्यावर आले.

धावजीची आई भुरीबाई तेव्हा अंगणात टोपली विणत बसली होती. वडील नव्हते, घरात ही दोघेच. मास्तर म्हणाले, "बाई, तुमचा धावजी बैलाच्या शिंगाकडे पाहत नाही, खांद्याकडे पाहते. तो कुठी वळणार ते याले आधीच समजते. असा फुलबॅक मले अख्ख्या जिल्ह्यात भेटला नाही."

"फुलबॅक म्हंजे काय, मास्तर?"

"आपल्या गोलापुढे उभं राहून दुसऱ्याले आत येऊ न देणारा."

"म्हंजे राखणदार," भुरीबाई म्हणाली. "मंग तसं सांगा ना."

धावजी खेळू लागला. अनवाणीच खेळायचा. समोरचे बूट घालून येत, आणि संध्याकाळी तो घरी येई तेव्हा नडग्या सोलून निघालेल्या असत. हळद लावून लावून भुरीबाई थकली. एके दिवशी तिने मला आढ्यावरून काढले, झटकले आणि कात्री लावली. खरे सांगते, मी फार घाबरले. पण ते सीतादहीचे दिवस होते. कापूस वेचायला लागण्याआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्या दिवशीचा पहिला कापूस तिने हातानेच सरकी काढून पिंजला आणि माझ्या पोटात भरला. मिठाच्या जागी कापूस! एवढे हलके मला जन्मात वाटले नव्हते.

नरहर मास्तरांनी पट्ट्या हातात घेऊन दाबून पाहिल्या. "बाई, याच्यात बांबूच्या कामट्या घाला. मंग कापूस कधी दबून बसणार नाही."

"कामट्या टोचतात," भुरीबाई खाली पाहत म्हणाली, आणि तिने भराभर टाके घालून मला बंद केले. मग धावजीला म्हणाली, "कापूस बसते, बापू. दर दोन सालानं सीतादहीले येजो. जुना काढून नवा भरून देईन."

धावजीने मान हलवली. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

नागपूरच्या एका संघाने त्याला नेले. दोन वर्षांनी तो सांगितल्या दिवशी आला आणि भुरीबाईने मला नव्याने भरले. १९६० साली मात्र फार लांबचे बोलावणे आले. समुद्रापलीकडे मोंबासा बंदरात एका गुजराती शेठचा संघ होता. तिथे नुसते खेळायचा पगार मिळणार होता. भुरीबाईने पुन्हा ताजा कापूस भरला आणि घाटंजीच्या यस्टीपर्यंत पोचवायला आली. गाडी हलली तेव्हा तिने हात केला तो धावजीच्या तोंडाकडे नव्हे, मी होते त्या पिशवीकडे. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

बोटीवर एका सकाळी धावजीने पिशवी उघडली आणि वारा आत आला. त्या वाऱ्याला मीठ होते. मित्रांनो, माझे मीठ! ज्याचे खडे मी पोटात घेऊन हिंडले, तो समुद्र असा समोर पसरून डुलत होता, आणि त्याच्याबरोबर मीही डुलत होते. मला वाटले, आपण पुन्हा बैलाच्या पाठीवर आहोत. आता उतरूच नये.

मोंबासात धावजीने बूट घातले, लांब मोजे घातले, आणि मोज्यांच्या आत मी. बाहेरून मी कुणालाच दिसत नसे. संघाचा मालिशवाला मला पहिल्यांदा पाहून हसत सुटला, "अरे भाई, ये किस जानवर का गद्दा बांध रखा है?" धावजी म्हणाला, "ये मेरी माँ की सिलाई है." त्यानंतर तो कधी हसला नाही, उलट उन्हात वाळत घातले की मला उलटूनपालटून ठेवू लागला.

मोज्यांच्या आतल्या अंधारात मी सगळा खेळ ऐकत असे. जमीन दणाणली की समजायचे, समोरून कुणीतरी चेंडू घेऊन येतो आहे. धावजी धावत सुटत नसे. तो वाटेत उभा राही. माणसाचा खांदा फसवतो, म्हणून तिथे तो कंबरेकडे पाहायला शिकला होता. मग माझ्यावर एक दणका बसे, चेंडू लांब उडे, आणि हजारो माणसे 'धाव-जी, धाव-जी' असे ओरडत. त्याच्या घामाने मी पुन्हा खारट झाले होते. स्वप्नात मला कळेनासे होई की मी मैदानावर आहे की मिठाच्या वाटेवर.

दर दिवाळीच्या सुमारास भुरीबाईचे पत्र येई. ती सांगे, नरहर मास्तर लिहीत. मजकूर ठरलेला : कापूस फुटला, पट्ट्या घेऊन ये. पण तिथले मोठे सामने नेमके त्याच महिन्यांत असत. जो गावी गेला त्याच्या जागी दुसरा उभा राही आणि मग ती जागा परत मिळत नसे. धावजी मला दाबून पाही, "अजून दणकट आहे," म्हणे आणि लिही, पुढच्या साली नक्की. बासष्ट गेले. चौसष्टही गेले. मालिशवाल्याने बाजारातल्या नव्या पट्ट्या आणून दिल्या, त्या धावजीने खुंटीला लावून ठेवल्या. निदान मला उसवून तिथलाच कापूस भरू, असेही मालिशवाला म्हणाला. धावजीने त्याच्या हातातून मला ओढून घेतले. "माँ का टाँका मैं नहीं खोलने दूँगा."

त्याची माया मला कळत होती, पण माझी अवस्था त्याला कळत नव्हती. कापूस बसत बसत दोन्ही कडांना गोळा झाला होता. मधोमध, जिथे हाड उघडे असते तिथेच, मी नुसते कापड उरले होते. मला बोलता आले असते तर मी ओरडले असते.

१९६५ सालच्या मे महिन्यात धावजीचा शेवटचा सामना झाला. समोरचा खेळाडू उजवीकडे वळला, धावजी त्याच्या आधी वळला. चेंडू अडला. पण त्या माणसाचा बूट पूर्ण वजनाने माझ्यावर आला आणि माझ्यातून आरपार गेल्यासारखा हाडावर बसला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. मी ज्यासाठी शिवली गेले, तेवढे एकच काम मला जमले नाही. संघ त्या दिवशी जिंकला म्हणतात.

हाड सांधले, पण पाय आखूड झाला. पाच-सहा महिन्यांनी धावजी काठी टेकत तांड्यावर परतला. नेमके सीतादही झालेले होते आणि घरात नव्या कापसाचा ढीग होता. भुरीबाईने त्याला जेवू घातले, पायावरून हात फिरवला, मग मला मांडीवर घेऊन टाके उसवले. आतून दगडासारख्या गुठळ्या निघाल्या. त्या तिने ओळीने जमिनीवर मांडल्या आणि त्यांच्याकडे पाहत बसली.

"माही चूक आहे, याडी," धावजी आईला म्हणाला. "तू बलावत होती, मी आलो नाई."

"कामट्या टोचत नाई, बापू," भुरीबाई म्हणाली.

धावजीला कळेना.

"मी खोटं बोलली मास्तराशी. जनम गेला माहा बांबूच्या टोपल्या विणण्यात, मले माहीत नाई का? कामट्या घातल्या असत्या त या पट्ट्या कधीच बसल्या नसत्या. मंग तुले घरी याले कारणच राह्यलं नसतं. म्हणून मी कापूस भरला." तिने एक गुठळी उचलून मुठीत धरली. "तुहा पाय म्या मोडला."

मी मांडीवर उघडी पडले होते, पोट रिकामे. इतके महिने मला वाटत होते की गुन्हा माझा आहे. धावजीला वाटत होते त्याचा. तो काठी बाजूला ठेवून तिच्याजवळ सरकला आणि ढिगातला मूठभर कापूस उचलून तिच्या हातात दिला.

"भर."

"कामट्या आणतो म्हणत असशील त..."

"नाई. कापूसच भर."

तेव्हापासून मी खेळाच्या मैदानावर गेलेले नाही. थंडीत त्याची मोडकी नडगी ठणकते, तेव्हा तो मला धोतराच्या आत बांधतो आणि वावरात जातो. तो चालतो तेव्हा एका अंगाला झुकतो, त्यामुळे मला पुन्हा डुलायला मिळते. समुद्राचे स्वप्न अजून पडते. त्यात भुरीबाई बोटीवर बसलेली असते.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी थोडे वेगळे मागते. कुणी हाताने शिवलेले काही तुमच्याजवळ असेल तर ते नुसते जपू नका, झिजू द्या, आणि झिजले की शिवणाऱ्याच्या दारात घेऊन जा. वाट पाहणारे माणूस 'ये' असे म्हणत नाही, ते 'पट्टी घेऊन ये' असे म्हणते.

आता १९६९ साल चालू आहे. काल सीतादही झाले. यंदा माझा कापूस मुळीच बसलेला नाही, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक आहे. तरी धावजीने मला आणून भुरीबाईच्या मांडीवर ठेवले. तिला आताशा दिसत नाही नीट, म्हणून सुई त्याने ओवून दिली. तिने मला एकदा दाबून पाहिले आणि म्हणाली, "बसला बाप्पा कापूस." मग ती टाके उसवू लागली.