तांब्याचा पोचा

रक्षितानं कागद मधोमध दुमडला, पाठीमागून नखानं खसाखसा घासला आणि घडी उलगडली. डावीकडं काढलेल्या अर्ध्या तांब्याची दुसरी बाजू उजवीकडं फिकट उमटली होती. त्या खुणांवरून तिनं पेन्सिल फिरवली. नववीच्या चित्रकलेच्या तासाला निम्म्या पोरी अजून मध्यरेषेशीच झगडत होत्या आणि हिचा तांब्या तयार.

मगदूम सरांनी तो कागद उचलून टेबलावरच्या खऱ्या तांब्याशेजारी धरला.

"ह्यो कुठल्या दुकानातनं आणलास? एकदम नवा हाय की."

वर्ग हसला. रक्षितानं मान वर करून पाहिलं. तांब्याच्या उजव्या पोटाला चांगला मोठा पोचा आला होता. त्या बाजूला तिनं पाहिलंच नव्हतं.

"अगं, खिडकीतला सगळा उजेड त्या पोच्यावर पडलाय, आणि तुला तेवढाच दिसला न्हाय व्हय?" सर म्हणाले. "घडी घातली की बघायचं ऱ्हातं. उद्या घरातल्या कुणाचा तरी चेहरा काढून आण. समोर बसवून."

शाळा सुटून ती घरी यायची तेव्हा घरात अप्पांशिवाय कुणी नसायचं. अप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, राजारामपुरीत कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी "या पावणं" म्हटलं की चौकातला रिक्षावालासुद्धा वळून बघायचा. श्रावणात त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. जीव वाचला, हातपाय शाबूत राहिले, पण डावा गाल ओघळला आणि त्या बाजूचा डोळा पुरता मिटेनासा झाला. तेव्हापासून दुकान आई बघत होती. अप्पा डाव्या गालाला टॉवेल लावून बसायचे आणि दारात कुणाची चाहूल लागली की आत निघून जायचे. उभा जन्म गिऱ्हाइकांत काढलेला माणूस घरच्या घरात तोंड लपवत होता. रक्षिताचा जीव त्यानं तुटायचा. त्यांनी पुन्हा दुकानात जाऊन बसावं, एवढंच तिला हवं होतं.

"अप्पा, तुमचा चेहरा काढू?"

"आईचा काढ."

"आई दुकानात हाय. मला उद्या द्यायचाय."

अप्पांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग खिडकीजवळच्या खुर्चीत तिच्यासमोर येऊन बसले. टॉवेल गालावरच होता.

"दिसतंय तेवढंच काढ."

तिनं मध्यरेषा आखली आणि दिसत होती ती बाजू काढली. कपाळ, भुवई, डोळा, अर्ध्या मिशा, अर्धे ओठ. मग ती थांबली. सरांचं बोलणं तिला चांगलं आठवत होतं. तरीही तिनं कागद दुमडला. सकाळी आळसानं दुमडला होता, आता मायेनं. नखानं हळूहळू घासून तिनं घडी उलगडली, तर दोन्ही डोळे सारखे होते आणि ओठ सरळ. श्रावणाआधीचे अप्पा कागदावर बसले होते. तिला इतका आनंद झाला की रेषा नीट गडद व्हायच्या आधीच तिनं तो कागद अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ आणून पाहिला.

"झ्याक हाय," ते म्हणाले. त्यांचे शब्द हल्ली ओठांच्या कडेनं सांडल्यासारखे यायचे. "आता ह्यालाच धाड दुकानात."

रक्षिताला रडू फुटलं. रडत रडत तिनं तांब्याची सगळी हकिकत सांगून टाकली. घडी, पोचा, वर्गाचं हसणं.

"मास्तर काय म्हणलं?"

"म्हणलं, सगळा उजेड पोच्यावर पडलाय आणि तुला तेवढाच दिसला न्हाय."

अप्पांनी कागद बाजूला ठेवला. उठून त्यांनी खुर्ची फिरवली, डावा गाल उजेडात येईल अशी. बसले आणि टॉवेल काढून मांडीवर ठेवला.

रक्षितानं नवा कागद घेतला. मध्यरेषा आखली. पेन्सिलीला टोक केलं. खोडरबर शोधला.

"खाली काय शोधतीस?"

"काय न्हाय."

"श्रावणापासनं बघतोय मी. ताट वाढताना, च्या देताना, तू बी खालीच बघतीस."

ते खरं होतं. टॉवेल अप्पांनी धरला होता, पण नजर तिची तिनंच वळवली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, मी मुद्दाम न्हाय..."

"ठावं हाय मला." त्यांचा आवाज चढला नाही. "दुकानात गेलो की गिऱ्हाईक बघणारच. ल्हान पोरं तर टक लावून बघत्यात. आधी तू बघ. तू बघितलंस की मला सोपं जाईल."

तिनं मान वर केली. न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी येऊन गालावर उतरत होतं. ते रडणं नव्हतं, पाणी नुसतंच येत होतं, हे तिला आज कळलं. तिनं पेन्सिल मध्यरेषेच्या पलीकडं नेली आणि त्या डोळ्यापासून सुरुवात केली.