रेड्याचा दर होता, वलीचा नव्हता

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी स्वतःची थोरवी सांगतात. मी एक जुनी फॅक्स मशीन आहे आणि माझ्यापाशी थोरवी नाही. माझ्यापाशी लाज आहे, ती सांगते. ऐकायची नसेल तर पान उलटा, मला राग येणार नाही.

माझा जन्म जपानच्या एका कारखान्यात झाला. तुमच्यापैकी ज्यांनी मला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लिहिलेला कागद माझ्या तोंडात सरकवायचा, टेलिफोनचा नंबर फिरवायचा, की समुद्रापलीकडच्या दुसऱ्या मशीनमधून तस्साच कागद बाहेर पडतो. एवढंच माझं काम. मी विचार करत नाही, वाचत नाही, फक्त पाठवते. हे वाक्य मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. त्याची किंमत पुढं कळेल.

आखातातली लढाई संपली त्या वर्षी, म्हणजे १९९१ साली, मी बहरीनला आले. बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत, सोनाराच्या दुकानावरच्या मजल्यावर, हुसेनशेठचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. शेठ मुरुडचे. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, 'बिस्मिल्ला' म्हणून पहिलं बटण दाबलं आणि आतल्या चाकांचा आवाज ऐकून इतके खूश झाले की खालच्या सोनारालाही वर बोलावून दाखवलं. त्यांचा कारकून गनी, बाणकोटकडचा, रोज सकाळी मला मऊ फडक्यानं पुसायचा. त्या दिवसांत मी उमऱ्याच्या यात्रेची तिकिटं पाठवायची, व्हिसाचे कागद आणायची. कोणाची आई येणार, कोणाचा भाऊ येणार, असले कागद. ते दिवस चांगले होते.

मग १९९३ साली शिकारीचा धंदा सुरू झाला. बहरीनमधल्याच मुहर्रकचे एक मोठे ठेकेदार आले आणि म्हणाले, आफ्रिकेत शिकारीला जायचंय, सगळी सोय करा. शेठनी सोय केली. पूर्व आफ्रिकेतल्या एका कॅम्पशी बोलणं झालं आणि तिथला गोरा मॅनेजर दर जानेवारीला माझ्यामार्फत दरपत्रक पाठवू लागला. त्यात सगळ्याचा दर असायचा. वाटाड्या शिकाऱ्याचा दिवसाचा दर. जीपचा. तंबूचा. हरणाचा इतका, झेब्र्याचा इतका, रानरेड्याचा इतका. सिंहाचा आकडा आला की गनी खुर्चीत मागं रेलायचा.

दर वर्षी ते आकडे चढत गेले. सरकारनं परवाना वाढवला, जमिनीचं भाडं वाढलं, डिझेल वाढलं. चार वर्षांत रेड्याचा दर दुप्पट झाला, वाटाड्याचा दुपटीच्याही पुढं गेला. आणि एक कलम कधी बदललं नाही: जनावर नुसतं जखमी होऊन पळालं तरी पूर्ण दर.

आता हे कलम नीट लक्षात घ्या. एवढा पैसा भरून गेलेला माणूस थांबत नाही. त्याला सहलीच्या एकवीस दिवसांत सगळं पाहिजे असतं. तो लांबून बार काढतो, घाईत काढतो, आणि मग जखमी जनावराच्या मागं दुसऱ्याला धाडतो. शिकार महागली तसे शिकारी शूर झाले नाहीत, उतावळे झाले. त्यांच्यासाठी पुढं कोण जायचा ते सांगते.

पाहुण्यांना हलाल मांस लागायचं. गोळीनं पडलेल्या जनावरात जीव असेपर्यंत कोणीतरी सुरी घेऊन पोचायला पाहिजे, नाहीतर ते मांस पाहुणे खाणार नाहीत. हे काम गनीचा मोठा भाऊ वली करायचा. वली एरवी बहरीनमध्येच, मआमीरला, कामगारांच्या मेसमध्ये भंडारी म्हणजे स्वयंपाकी होता, शंभर माणसांचं जेवण एकटा उतरवायचा. शिकारीच्या दिवसांत शेठ त्याला कॅम्पवर पाठवायचे, स्वयंपाकाला आणि सुरीला. त्याच्यासोबत असायचा सेफू, तिथला माग काढणारा. बंदुकीवाले मागं, हे दोघं पुढं. दरपत्रकात ना वलीचा दर होता ना सेफूचा. वलीला रोज जे मिळायचं ते १९९३ ला होतं तेच १९९७ ला.

त्या १९९७ च्या दरपत्रकात एक नवी ओळ आली. कॅम्पवर जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा विमानाचा विमा भरायचा. जंगलात कोणाला लागलं तर छोटं विमान येऊन उचलेल, पण यादीत नाव असेल त्यालाच. माणशी एकशे ऐंशी डॉलर.

पाहुणे चार होते. शेठनी त्यांना जुन्याच भावात शब्द देऊन ठेवला होता. दर बघून शेठ गनीच्या मागं येऊन उभे राहिले. गनीनं यादी टाईप केली होती. एक ते चार पाहुणे, पाचवा वली.

"ह्यो पाचवा कशाला?" शेठ म्हणाले.

"भाय जातोय ना, शेठ."

"तो जातोय भात शिजवायला. भाताचा काय विमा काढतात? काढ त्याचं नाव."

"सुरी घेऊन पुढं तोच असतो, शेठ."

"चार वर्षं असतोय, काय झालं त्याला? अजून दोन माणसांचं जेवतोय. काय होत नाय, इंशाल्ला. यल्ला, पाठव. मना दुकान बंद करून जायचंय."

गनीनं व्हाइटनरची बाटली उघडली. ब्रश नावावर नेला, थांबला. शेठ तिथंच उभे होते. मग त्यानं नाव पुसलं. नावाआधीचा पाच हा आकडा पुसायचा राहिला. पांढरं नीट वाळायच्या आत त्यानं कागद माझ्या तोंडात दिला.

मित्रांनो, कागद अडकवणं मला येत होतं. साधे साधे कागद मी अडकवलेले आहेत, गनीनं मला शिव्या दिलेल्या आहेत. तो ओला कागद मी अडकवायला हवा होता. मी तो लोण्यासारखा आत ओढला. मिनिटभरात यादी आफ्रिकेत पोचली.

जायच्या आदल्या दिवशी वली ऑफिसात आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी काखेत, हातात मसाल्याची पिशवी.

"काय रं गन्या, सुकलास. शेठ जेवायला देत नाय का नुसता कागदच खायला घालतो?"

"बस ना, भाय. चाय सांगतो."

"चाय नको. एक सांग, त्या विमानाच्या कागदावर माजा नाव घातलास ना? सेफू मागच्या टायमाला बोलला, रेडा पडला तरी मेला असं समजू नको. तुज्या भाबीला, नसीमाला मी बोललोय, माज्या भावानं सगळा बंदोबस्त केलाय."

गनीनं माझ्याकडं पाहिलं. खरंच, माझ्याकडं पाहिलं.

"घातलाय," तो म्हणाला.

"बस, खलास," वली म्हणाला. भावाच्या टाळक्यात एक टपली मारून निघून गेला.

वली कॅम्पवर गेल्यानंतरचा तो दुसरा शुक्रवार होता. बारा वाजायला वीस मिनिटं होती. शेठ नमाजला गेले होते, तिथून परस्पर कोणाकडं जेवायला जाणार होते. मी वाजले आणि कागद बाहेर आला. मॅनेजरचं घाईचं अक्षर. सकाळी एका पाहुण्यानं लांबून रेड्यावर बार काढला. रेडा पडला. पाहुणा ओरडला, जीव आहे तोवर सुरी फिरव. वली धावला. रेडा उठला. मांडी फाडली आहे, रक्त थांबत नाही. विमानवाले म्हणतात यादीत स्वयंपाक्याचं नाव नाही. तुमच्या कंपनीनं खर्चाची हमी शिक्क्यासह फॅक्सनं द्यावी. अडीचपर्यंत द्यावी, कारण विमानाला पोचायला तीन-चार तास लागतात, धावपट्टीवर दिवे नाहीत, अंधार पडल्यावर विमान उतरत नाही.

गनीनं शेठच्या घरी फोन लावला. नाहीत. जेवायला गेले तिथला नंबर कोणाला ठाऊक नव्हता. पेजरवर निरोप टाकला. मग त्यानं कंपनीचा कागद घेतला आणि हमी टाईप केली. शिक्का टेबलावरच होता, तोही मारला. सही तेवढी राहिली होती. ती शेठसारखी हुबेहूब करायला त्याला येत होती, कितीतरी पत्रांवर त्यानंच केली होती. ती त्यानं केली. कागद त्यानं माझ्या तोंडाशी आणला.

आणि तिथं धरून उभा राहिला.

त्याचा पासपोर्ट शेठच्या खणात होता. व्हिसा शेठच्या हातात होता. हमी हजारो डॉलरची होती. मला त्या कागदाची कड लागत होती. तो आत आला नाही. साडेबारा झाले, एक झाला, दोन झाले. दोनदा त्यानं कागद खाली ठेवला, दोनदा उचलला. अडीच वाजले. माझ्यातून दुसरा कागद आला, त्यावर एकच ओळ: कुठं आहे हमी?

शेठ तीन वाजून दहा मिनिटांनी आले. दोन्ही कागद उभ्यानं वाचले.

"अरे येड्या," ते म्हणाले, "पाठवायचा ना लगेच. भाऊ हाय तुजा. मी काय नको बोललो असतो?"

बोलले असते की नसते, मला माहीत नाही. वेळ निघून गेली की माणूस फार उदार होतो.

मग हमी पाठवली, पण विमानाला उजेडात पोचायला उशीर झाला होता. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं. वलीचा जीव वाचला, पाय गेला. त्याला रेड्याखालून ओढून काढणाऱ्या सेफूच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. हे पुढच्या फॅक्समध्ये, अगदी शेवटी, एका ओळीत आलं. विमानात जागा होती. पण सेफूचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. वलीचं टाईप करून पुसलं तरी होतं. सेफूचं कधी टाईपच झालं नाही. त्याच कागदावर रेड्याचं बिलही होतं, पूर्ण दरानं.

महिन्याभरानं वली ऑफिसात आला. कुबड्या भिंतीला टेकवून खुर्चीत बसला. शेठनी त्याच्या घरी जायच्या तिकिटाचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि ते खाली निघून गेले. समोर बसायचा धीर त्यांना झाला नाही. वलीनं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. कॅम्पवरची यादी. वलीला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे यायचे.

"हे बग गन्या. एक हाय, दोन हाय, तीन हाय, चार हाय. ह्या पाचापुढं कोन होता?"

गनीनं त्या पाचाशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"माजा नाव पुसताना तुजा हात थांबला का?"

"थांबला, भाय."

"मग?"

"शेठ उभे होते."

"माज्यासमोर पण रेडा उभा होता," वली म्हणाला. "मी गेलो ना पुढं?"

वलीनं यादीची घडी घालून ती खिशात ठेवली. मग वली म्हणाला, "नसीमाला अजून पायाचा कळवला नाय. दापोलीला फॅक्सवाला हाय, तो पोचवील. तू लिही. तुज्या हातानं लिही. आणि पाचापुढचा पण लिही. मना खोटा वाचून दाखवू नको, तुजा तोंड बघून मना समजतं."

गनीनं लिहिलं. सगळं लिहिलं. शेठ उभे होते हे लिहून मग ते खोडलं, कारण तेवढं वाक्य त्याला पळवाट वाटलं. वलीला वाचून दाखवलं. वलीनं मान हलवली. मी ते पत्र पाठवलं. माझ्या आयुष्यात मी पाठवलेला तो पहिला धड कागद.

तीन दिवसांनी दापोलीहून उत्तर आलं. नसीमानं कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, खाली तिचा अंगठा. मला ते छापावं लागलं, गरम अक्षरांनी, एकेक ओळ. "गनीभावोजी, त्यांना घरी पाठवा. त्यांना पायाशिवाय सांभाळीन. तुम्ही आमच्या दारात यायचा नाय."

गनी वलीला विमानतळावर सोडून आला आणि पुन्हा टेबलाशी बसला. तो आजही तिथंच बसतो. सुट्टीला जायची वेळ आली की सुट्टी विकून पैसे घेतो, गावी जात नाही.

जानेवारीत नवं दरपत्रक आलं. रेडा आणखी महागला होता.

आता ऑफिसात ई-मेल आलं आहे, मी मागच्या खोलीत खोक्यावर पडून आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, मला सांभाळा, असं मी म्हणणार नाही. मला काय सांभाळायचं? तुम्ही मोठे व्हाल. सहलीची, लग्नाची, कारखान्याची यादी करायला बसाल. कशाला किती पडेल हे लिहाल. तेव्हा जो सगळ्यांच्या पुढं चालणार आहे त्याचं नाव आधी लिहा, आणि कोणी मागं उभं राहून पुसायला सांगितलं तर लेखणी खाली ठेवा. मी फक्त टाईप केलं, मी फक्त पाठवलं, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको. मी पाठवलं.