कळपाच्या पुढे

खिडकीची कडी एकदाच वाजली, खट्. सकाळपासून वाऱ्याची हालचाल नव्हती, म्हणून तो आवाज फारच मोठा वाटला. सासूबाईंनी विणकाम मांडीवर टाकलं. "वारा फिरला गं. आता भरती वेळेआधी चढणार."

मेंढ्या समोरच्या खडकावर होत्या. हिवाळ्यात आमच्या बेटावर गवत उरत नाही. ओहोटीला मधला वाळूचा पट्टा उघडा पडला की त्या पलीकडे जाऊन समुद्राचं शेवाळ खातात. पण वारा भरतीच्या पाण्याला मागून रेटायला लागला की खडक पाण्याखाली जातो. घर चालतं ते याच कळपावर, आणि सगळ्या मेंढ्या गाभण. नवरा परवाच्या वादळामुळे पैलतीरावर अडकलेला, लाँच बंद.

"मी जाते."

"तुझं कोण ऐकणार? तुला तर कोंबड्यासुद्धा भीक घालत नाहीत."

"मग तुम्ही जाता का, तो गुडघा घेऊन?"

त्यांनी लेकाचे रबरी बूट माझ्यापुढे सरकवले.

पट्ट्यावर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, हाडात शिरणारं. माहेरी आम्ही गाई मागून हाकायचो, तशी मी मेंढ्यांच्या मागे गेले. टाळ्या वाजवल्या, ओरडले, घसा बसवून घेतला. त्या गोल फिरून पुन्हा खडकाच्या टोकाशी. सगळ्यांच्या पुढची ती शिंगवाली, जिला आम्ही महाराणी म्हणतो, माझ्याकडे अशी बघत होती जणू मी चुकून भलत्याच घरात शिरलेय. बुटांत पाणी आलं. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

सहज घराकडे पाहिलं तर सासूबाई अंगणात! काठी टेकत, माझ्याकडे पाठ करून, लंगडत ऐटीत चालल्या होत्या. मागोमाग माझी लेक ठकी, टोपी नाकापर्यंत आलेली. अंगण संपलं की दोघी माघारी यायच्या आणि पुन्हा तसंच. मला वाटलं, म्हातारीला हे काय सुचलंय? मग डोक्यात प्रकाश पडला. मागून नाही. पुढून!

मी कळपाकडे पाठ केली आणि पाण्यात उतरले. मागे वळून बघायचं नाही, हे फार जड गेलं. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मागे काहीच आवाज नाही. चालत राहिले. मग एक छपाक. मग अनेक. माझ्या तळहाताला ऊन श्वास लागला. महाराणी!

शेवटची मेंढी अंग झाडत काठावर चढली तेव्हा पट्टा दिसेनासा झाला होता. मी ओल्या बुटांनिशी नाचले, अगदी लाज सोडून. गोठ्यात लोकरीची वाफ दाटली होती. सासूबाई प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारत आल्या, शेवटची थाप माझ्या पाठीवर.

"माझा लेक पहिल्या खेपेला भोकाड पसरून परत आला होता. त्याला सांगू नकोस, मी सांगितलं म्हणून."

"आजच सांगते, लाँच सुरू झाली तर!"

"चोंबडी कुठली," म्हणाल्या, आणि डोळे पुसत हसल्या.

चुलीपाशी ठकी माझे गारठलेले पाय आपल्या इवल्या हातांनी चोळत बसली. मग तिनं मान वर केली.

"आई, मेंढ्या तुझ्या मागून आल्या. मग तू कुणाच्या मागून आलीस?"